बंदूक पुसणारे हात

लष्कराचा इतिहास आजवर गोळी झाडणाऱ्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. सेनापती, पलटणी, लढाया, तह आणि पदके यांनीच त्याची पाने भरली. परंतु कोणतीही बंदूक कोठारातून निघून थेट सैनिकाच्या खांद्यावर जात नाही. युद्ध संपले की बंदुका कोठारात जातात. गंज चढू नये म्हणून त्यांना जाड ग्रीस चोपडतात. पुन्हा युद्ध आले की पेट्या उघडतात आणि ते ग्रीस कोणाला तरी काढावे लागते. हे काम घाणीचे, कंटाळवाणे आणि बिननावाचे आहे. म्हणूनच त्याचा इतिहास लिहावा असे फारसे कोणाला वाटले नाही.

प्रस्तुत लेखात या कामाकडे पाहायचे आहे. प्रश्न दोनच आहेत. ग्रीस कोणी काढले? आणि ग्रीस काढून झाल्यावर ती बंदूक कोणाच्या हाती दिली गेली? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या समाजात वेगवेगळी येतात, त्या समाजाची खरी रचना तेथे उघडी पडते. उदाहरण म्हणून १९४० सालचे ब्रिटन घेतले आहे, कारण तेथे हे काम एका संपूर्ण राष्ट्राच्या जिवावर आलेल्या घडीला झाले. तेथून मग आपल्याकडे, डमडमच्या कारखान्यापासून महार पलटणीपर्यंत यायचे आहे. कारण शस्त्र कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही हे दोन्हीकडे ठरवणारी सत्ता एकच होती.

साठवणीचे ग्रीस

खनिज तेल शुद्ध करताना जो मेणचट, चिकट भाग मागे राहतो, त्यापासून हे ग्रीस बनते. अमेरिकेत त्याचे सर्वांत प्रसिद्ध नाव कॉस्मोलिन. फिलाडेल्फिया शहरात १८६५ साली सुरू झालेल्या हॉटन कंपनीचे हे उत्पादन. गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात कॉस्मोलिन औषधाच्या दुकानात मलम म्हणून विकले जात असे. व्हॅसलीनचीच ही जात. माणसाच्या भेगाळलेल्या कातडीवर लावायचे मलम पुढे बंदुकीचे मलम झाले आणि तेथेच ते अधिक नावारूपाला आले.

त्याचे काम साधे आहे. लोखंडाला हवा आणि ओलावा लागला की गंज धरतो. ग्रीसचा जाड थर या दोहोंना दूर ठेवतो. बंदूक कोमट, पातळ केलेल्या ग्रीसमध्ये बुडवतात किंवा तिला ते ब्रशाने चोपडतात, कागदात गुंडाळतात आणि लाकडी पेटीत रचतात. अशी बंदूक वीस-पंचवीस वर्षांनीही नव्यासारखी निघते. मात्र या काळात ग्रीसमधला पातळ भाग उडून जातो आणि उरलेला थर तपकिरी मेणासारखा घट्ट होतो. नळीत, बोल्टच्या आत, स्क्रूच्या खाचांत, दस्त्याच्या लाकडात, सर्वत्र तो मुरलेला असतो.

तो काढण्याच्या पद्धती शंभर वर्षांत फारशा बदललेल्या नाहीत. बंदूक खोलायची. लोखंडी भाग उकळत्या पाण्यात किंवा रॉकेल-पेट्रोलमध्ये बुडवायचे, ब्रशाने घासायचे, चिंधीने पुसायचे. दोरीच्या टोकाला चिंधी बांधून ती नळीतून पुन्हा पुन्हा ओढायची. पाणी वापरले असेल तर सर्व भाग ताबडतोब कोरडे करून हलके तेल लावायचे, नाहीतर ज्या गंजासाठी एवढा खटाटोप केला तोच एका रात्रीत धरतो. लाकडी दस्ता उन्हात किंवा शेकोटीजवळ ठेवला की लाकूड घाम फुटल्यासारखे ग्रीस सोडू लागते. ते पुसायचे, पुन्हा तापवायचे, पुन्हा पुसायचे. हे करणाऱ्याची बोटे काळी होतात. पेट्रोल-रॉकेलने कातडी कोरडी पडून तडकते आणि त्याची वाफ डोक्यात चढते.

काम हलके मानले जाते, पण चुकले तर जिवावर बेतते. नळीत ग्रीसचा बोळा राहिला आणि गोळी झाडली, तर नळी फुगते किंवा फुटते. बोल्टमधल्या पिनेभोवती घट्ट ग्रीस राहिले, तर पिन काडतुसाच्या बुडावर हळू आदळते आणि ऐन वेळी बार उडत नाही. एका बंदुकीचा बोल्ट चुकून दुसरीत बसवला, तर काडतूस नीट बसेलच याची खात्री राहत नाही. याचा अर्थ असा की पुसणाऱ्याला बंदूक खोलता आली पाहिजे, तिचा प्रत्येक भाग ओळखता आला पाहिजे आणि ती पुन्हा जोडता आली पाहिजे. म्हणजे हे ज्ञानाचेही काम आहे. परंतु हात काळे करणाऱ्या ज्ञानाला ज्ञान न म्हणण्याची रीत आपल्याला नवी नाही. चर्मकाराच्या कौशल्याला आपल्या समाजाने कोणते नाव दिले, हे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

शिल्लक म्हणून जाहीर केलेल्या बंदुका

१९४० च्या मे महिन्याच्या अखेरीस ब्रिटनचे सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर कोंडले गेले. २६ मे ते ४ जून या काळात डंकर्कहून ३ लाख ३८ हजार सैनिक समुद्रमार्गे परत आणले गेले; त्यांत ब्रिटिशांबरोबर फ्रेंच व इतर दोस्त सैनिकही होते. माणसे आली, तोफा, वाहने, दारूगोळा मात्र फ्रान्समध्येच राहिला. जर्मनी केव्हाही खाडी ओलांडील अशी भीती होती. १४ मे रोजी युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून नागरिकांना संरक्षण दलात येण्याचे आवाहन केले होते. लाखो माणसे पुढे आली. याच दलाचे नाव जुलैमध्ये होमगार्ड झाले. माणसे होती, बंदुका नव्हत्या. पुष्कळांनी शिकारीच्या बंदुका आणि काठ्या घेऊन पहारे केले.

बंदुका होत्या अमेरिकेत. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने स्वतःची एक रायफल अमेरिकन कारखान्यांकडून बनवून घेतली होती. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिच्याकडेही बंदुकांची टंचाई होती. म्हणून तीच रायफल अमेरिकन काडतुसाला जुळेल अशी बदलून त्याच कारखान्यांत काढण्यात आली. तिला १९१७ चे मॉडेल म्हणतात. विंचेस्टर, रेमिंग्टन आणि एडीस्टोन या तीन कारखान्यांनी अशा सुमारे २२ लाख रायफली बनवल्या. युद्ध संपले. त्यांतल्या लाखो रायफली ग्रीस चोपडून कोठारात गेल्या.

१९४० च्या जूनमध्ये अमेरिका तटस्थ होती. लढणाऱ्या देशाला सरकारने परस्पर शस्त्रे विकणे कायद्याने अडचणीचे होते. म्हणून एक वाट काढण्यात आली. लष्करप्रमुख जॉर्ज मार्शल यांनी यादी पाहून हा माल अमेरिकेच्या गरजेपेक्षा जास्त, म्हणजे सरप्लस असल्याचे मान्य केले. सरकारने तो यू.एस. स्टील या खाजगी कंपनीला विकला आणि कंपनीने तो त्याच किमतीला, सुमारे ३ कोटी ७६ लाख डॉलरला, ब्रिटनला विकला. त्यात ५ लाख रायफली होत्या, सुमारे ९०० तोफा होत्या, ८० हजार मशीनगनी होत्या आणि १३ कोटी काडतुसे होती. सरप्लस हा शब्द येथे लक्षात ठेवण्याजोगा आहे. वस्तू तीच, कोठार तेच. ती शिल्लक आहे की गरजेची, हे राज्यकर्त्याच्या सोयीने ठरते. वस्तूंबद्दल जे खरे, ते माणसांबद्दलही खरे असते. त्याकडे आपण पुढे येऊ.

जहाजे ब्रिटनच्या बंदरांना लागली तेव्हा आगगाड्या वाट पाहत उभ्या होत्या. चर्चिल यांनी आपल्या युद्धस्मृतींच्या दुसऱ्या खंडात याची आठवण नोंदवली आहे: गावोगावचे होमगार्ड रात्रभर जागून बंदुकांची वाट पाहत होते, आणि त्या वापरण्याजोग्या करण्यासाठी पुरुष आणि स्त्रिया रात्रंदिवस राबत होत्या. वीस वर्षांचे घट्ट ग्रीस काढायचे म्हणजे काय, ते वर सांगितले आहे. ते काम ५ लाख वेळा करायचे होते. वापरण्याजोगी झाली तरी काडतुसे कमी. सुरुवातीला माणशी दहाच देता आली. शिवाय या रायफलीचे काडतूस ब्रिटिश रायफलीच्या काडतुसापेक्षा वेगळे होते. गोंधळ होऊ नये म्हणून तिच्या लाकडावर लाल पट्टा रंगवण्यात आला.

चर्चिल यांच्या या आठवणीत स्त्रिया आहेत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. परंतु तेवढ्यावर थांबता येत नाही. ग्रीस काढण्यापुरत्या स्त्रिया आल्या. पुढे काय झाले?

पुसायला चालते, धरायला चालत नाही

होमगार्डमध्ये स्त्रियांना प्रवेश नव्हता. डॉ. एडिथ समरस्किल या मजूर पक्षाच्या खासदार आणि व्यवसायाने डॉक्टर. त्यांनी ही बंदी अन्यायाची आहे असे संसदेत आणि संसदेबाहेर ठामपणे मांडले. त्यांच्या पुढाकाराने विमेन्स होम डिफेन्स नावाची संघटना उभी राहिली आणि देशात ठिकठिकाणी तिच्या शाखांतून स्त्रिया बंदूक चालवायला शिकू लागल्या. शत्रू दारात आला तर तो बाईला बंदूक येते की नाही हे विचारणार नाही, असा त्यांचा सरळ युक्तिवाद होता. काही गावांतले होमगार्ड त्यांना शिकवतही होते. १९४१ च्या अखेरीस युद्धखात्याने हुकूम काढला की होमगार्डच्या तुकड्यांनी स्त्रियांना शस्त्रशिक्षण देऊ नये.

एप्रिल १९४३ मध्ये दबाव वाढल्यावर सरकारने स्त्रियांना साहाय्यक म्हणून घेतले. त्यांना गणवेश नव्हता. एक प्लॅस्टिकचा बिल्ला होता. त्यांनी स्वयंपाक करावा, टेलिफोन घ्यावा, कागदपत्रे ठेवावीत, गाडी चालवावी. शस्त्र नाही. डिसेंबर १९४४ मध्ये होमगार्डचे काम थांबवण्यात आले, तोपर्यंत ही स्थिती कायम राहिली.

येथे कोणी म्हणेल की बंदूक साफ करणे हे प्रत्येक सैनिकाचेच काम असते, त्यात उच्चनीच कसले? आक्षेप रास्त आहे आणि त्यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. सैनिक आपली बंदूक आपण पुसतो आणि आपणच खांद्यावर घेतो. तेथे पुसणारा हात आणि धरणारा हात एकच असतो, म्हणून ते काम कमीपणाचे ठरत नाही. उलट त्याचा अभिमान असतो. हे दोन हात वेगळे केले की कामाचा अर्थ बदलतो. आणि हे वेगळेपण जन्मावरून कायमचे ठरवून टाकले की त्याला श्रमविभागणी म्हणता येत नाही. १९३६ साली लिहिलेल्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी चातुर्वर्ण्याच्या समर्थकांचा श्रमविभागणीचा मुद्दा खोडून काढला आहे. तो भाग शस्त्र डोळ्यांपुढे ठेवून पुन्हा वाचावा. चातुर्वर्ण्याने शस्त्र एका वर्णाला दिले आणि बाकीच्यांना निःशस्त्र केले, याला त्यांनी गुलामी टिकून राहण्याचे एक मुख्य कारण मानले होते.

ब्रिटिश स्त्रीवरची बंदी आणि अस्पृश्यावरची बंदी सारखी होती असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. ती स्त्री राज्यकर्त्या राष्ट्राची नागरिक होती; तिला मत होते, तिचा प्रतिनिधी संसदेत बोलत होता. अस्पृश्याला गावच्या विहिरीवर पाणी नव्हते. मात्र सत्तेचे तर्कशास्त्र दोन्हीकडे एकच दिसते: तुझे श्रम हवेत, तुझ्या हातात शस्त्र नको.

डमडमचा खलाशी

आपल्या देशात बंदुकीच्या ग्रीसने तर एका मोठ्या उठावाला तोंड फोडले. १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळील डमडम येथे नव्या एनफील्ड रायफलीचे शिक्षण चालू होते. तिच्या काडतुसाला चरबीचे वंगण लावलेले असे आणि ते दातांनी तोडावे लागे. त्या वेळच्या लष्करी पत्रव्यवहारात एक प्रसंग नोंदलेला आहे. दारूगोळ्याच्या कोठारात काम करणाऱ्या एका हलक्या मानलेल्या जातीच्या खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातून पाणी मागितले. लोटा बाटेल म्हणून शिपायाने नकार दिला. तेव्हा खलाशाने त्याला सुनावले की गायी-डुकरांची चरबी दातांनी तोडायची वेळ आली म्हणजे तुझी जात कोठे राहील ते पाहू.

इतिहासाच्या पुस्तकांत ही कथा शिपायाच्या धर्मभावनेची कथा म्हणून येते. ती खलाशाच्या बाजूनेही वाचली पाहिजे. त्याला तहान लागली होती. वंगण कशाचे आहे याची वार्ता त्याला होती, कारण तो त्या कोठारात राबत होता. ज्या चरबीच्या नुसत्या कल्पनेने शिपायाची जात धोक्यात आली, त्या चरबीच्या सान्निध्यात खलाशाचे आयुष्य जात होते. त्याची कोणाला चिंता नव्हती. सरकारने लगेच शिपायांना स्वतःचे वंगण स्वतः तयार करण्याची मुभा दिली. पाण्याच्या प्रश्नावर मात्र कोणताही हुकूम निघाला नाही. सरकारी कागदांत त्या खलाशाचे नाव नाही. उत्तर भारतातील दलितांनी आपल्या आठवणीत त्याला मातादीन हे नाव दिले आणि जपले. कागदाने नाकारलेले नाव समाजाने दिले, याला केवळ दंतकथा म्हणून बाजूला सारता येणार नाही. ती इतिहासावर केलेली मागणी आहे.

१८५७ नंतर इंग्रजांनी शस्त्राचे गणित नव्याने मांडले. तोफखाना शक्यतो गोऱ्यांच्या हाती ठेवायचा. हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची, म्हणजे गोऱ्यांना नको झालेली ती यांना. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाला परवान्याशिवाय शस्त्र ठेवणे बंद झाले. आणि मग लढाऊ जातींचा सिद्धांत आला.

१९१७: एक बंदूक आणि एक पलटण

मुंबई इलाख्याच्या सैन्यात महार सुरुवातीपासून होते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचे स्मारक असलेल्या कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' हा प्रत्यय असलेली नावे कोरलेली आहेत. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत होते. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला तो महूच्या छावणीत. याच सुमारास, लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात बळावलेल्या लढाऊ जातींच्या सिद्धांतापायी, महारांची भरती बंद झाली. ज्यांनी तीन-चार पिढ्या बंदूक धरली त्यांना सांगण्यात आले की तुमच्या रक्तात लढणे नाही.

निवृत्त सैनिक गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८९० च्या दशकात याविरुद्ध आवाज उठवला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवून लष्कराची आणि पोलिसांची दारे उघडण्याची मागणी केली. या अर्जांची भाषा राजनिष्ठेची आहे म्हणून काही अभ्यासक नाक मुरडतात. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की ज्या माणसाला शाळेत, देवळात, पाणवठ्यावर आणि कचेरीत कोठेच माणूस म्हणून उभे राहता येत नव्हते, त्याला छावणीत शाळा होती, पगार होता, निवृत्तिवेतन होते. भरती बंद होणे म्हणजे एका समाजाचा शिक्षणाकडे जाणारा रस्ता बंद होणे होते. पुढे त्यांच्या वाट्याला काय आले? गिरण्या, गोदी, रेल्वे आणि खडकीसारखे दारूगोळ्याचे कारखाने. खडकीचा कारखाना १८६९ सालचा. शस्त्राशी संबंध तुटला नाही. बनवण्या-उचलण्याचा उरला, धरण्याचा गेला.

पहिल्या महायुद्धात माणसे अपुरी पडू लागली आणि सिद्धांत बाजूला ठेवण्यात आला. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. वर ज्या रायफलीची हकीकत सांगितली तिचे सालही १९१७. एकाच युद्धाच्या गरजेने एकाच वर्षी एकीकडे एक बंदूक बनली आणि दुसरीकडे एक पलटण बनली. दोहोंचे पुढे काय झाले हे ताडून पाहण्यासारखे आहे.

युद्ध संपले. बंदुकीची गरज उरली नाही. तिला पुसून, ग्रीस लावून, कागदात गुंडाळून, पेटीत ठेवून, वीस वर्षे छपराखाली सांभाळण्यात आले. कारण पुन्हा वेळ आली तर ती लागेल, हे राज्यकर्त्याला ठाऊक होते. पलटणीचीही गरज उरली नाही. १९२० मध्ये ती दुसऱ्या पलटणीत मिसळण्यात आली आणि १९२१ मध्ये मोडण्यात आली. माणसे गावी परतली, म्हणजे महारवाड्यात परतली. त्यांच्यासाठी काही राखून ठेवण्याची तरतूद झाली नाही.

अमेरिकेतही वेगळे घडले नव्हते. पहिल्या महायुद्धात सुमारे ३ लाख ८० हजार निग्रो सैनिकांनी अमेरिकन लष्करात चाकरी केली. सुमारे २ लाख युरोपात गेले. त्यांतल्या बहुसंख्यांना जहाजे उतरवणे, रस्ते बांधणे, प्रेते पुरणे ही कामे देण्यात आली. न्यूयॉर्कच्या ३६९ व्या पलटणीला लढण्याची संधी मिळाली, ती अमेरिकन सेनापतींच्या हाताखाली नव्हे. तिला फ्रेंच सैन्याकडे सोपवण्यात आले. तिच्या अमेरिकन बंदुका काढून घेऊन फ्रेंच बंदुका देण्यात आल्या. आपल्या देशाच्या गोऱ्या सैनिकाशेजारी आपल्या देशाची बंदूक घेऊन उभे राहण्याचा मान काळ्या माणसाला मिळाला नाही. फ्रेंचांनी मात्र त्याच पलटणीला शौर्यपदक दिले.

१९४१ साली पुन्हा माणसे कमी पडली. या वेळी फरक एक होता, आणि तो मोठा होता. मधल्या वीस वर्षांत महाड झाले होते, नाशिक झाले होते, गोलमेज परिषद झाली होती. १९४१ मध्ये बाबासाहेब सरकारच्या संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर आले आणि त्यांनी महारांच्या स्वतंत्र पलटणीची मागणी लावून धरली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. युद्ध संपल्यावर या वेळी पलटण मोडली गेली नाही. १९४६ मध्ये तिला मशीनगन रेजिमेंट करण्यात आले. रायफल धरायला नालायक ठरवलेल्या समाजाच्या हाती मशीनगन आली.

हे इंग्रजांच्या कृपेने झाले असे मानणे भाबडेपणाचे होईल. १९१७ मध्ये गरज होती, पण समाज संघटित नव्हता. म्हणून गरज सरताच पलटण मोडता आली. १९४१ मध्येही गरजच होती. पण ती गरज पकडून तिची किंमत वसूल करणारा नेता होता आणि त्याच्या पाठीशी उभा राहिलेला समाज होता. बंदुकीला ग्रीस राज्यकर्ता लावतो. माणसाला टिकवून धरणारी गोष्ट त्याची त्यालाच तयार करावी लागते आणि तिचे नाव संघटना.

बंदूक हाती आली म्हणजे मुक्ती आली, असेही नव्हे. साम्राज्याच्या बाजूने धरलेली बंदूक साम्राज्याचीच असते. बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. म्हणूनच पलटणीची मागणी करणाऱ्या याच माणसाने पुढे समाजाच्या मुक्तीचा मार्ग संविधानात आणि धम्मात शोधला. आणि त्या वाटेवरही शस्त्रकोठारे आणि दारूगोळ्याचे कारखाने भेटतातच. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली ती देहूरोडला, लष्करी डेपोच्या गावी.

आजचे काम

ही गोष्ट १९४६ साली संपलेली नाही. जुने शस्त्र आणि जुना दारूगोळा हाताळण्याचे काम आजही कोणाला तरी करावे लागते. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ कालबाह्य स्फोटके नष्ट करण्याचे काम चालू असताना स्फोट झाला आणि सहा जण मृत्युमुखी पडले. मृतांत आसपासच्या गावांतून कंत्राटावर आणलेले मजूर होते. पेट्या उतरवणे हे त्यांचे काम होते. ग्रीस पुसणारा आणि पेटी उतरवणारा एकाच रांगेत उभे आहेत: धोका त्यांचा, नोंद दुसऱ्याची.

आपल्याकडे खडकी, देहूरोड, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव, भंडारा, अंबाझरी, भद्रावती अशी शस्त्रनिर्मितीची केंद्रे आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड विसर्जित होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. जुन्या व्यवस्थेत आयुष्य काढलेले कामगार आता निवृत्त झाले आहेत. पुष्कळ जण जग सोडून गेले. त्यांच्यात आपली माणसे किती होती, त्यांनी कोणती कामे केली, कोणत्या खात्यात त्यांना घेतले आणि कोणत्या खात्याच्या दारातून परत पाठवले, ग्रीस, तेल आणि दारूने त्यांच्या फुप्फुसांचे व हातांचे काय केले, त्यांच्या वसाहतीत पहिले बुद्धविहार कोणी बांधले, हे सर्व अजून त्यांच्या आणि त्यांच्या मुलाबाळांच्या तोंडी आहे.

विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी हे काम हाती घेतले पाहिजे. त्यासाठी परदेशी दफ्तरखान्यात जाण्याची आवश्यकता नाही. आपल्या वस्तीतल्या निवृत्त कामगाराच्या ओट्यावर वही घेऊन बसावे. त्याने कोणते हत्यार उघडले, कशाने पुसले, कोणाच्या हाती दिले, पगार किती होता, पाण्याचा माठ वेगळा होता की एकच होता, हे विचारावे. पलटणीत गेलेल्यांच्या हकीकती थोड्याफार लिहिल्या गेल्या आहेत. कोठारात राबलेल्यांच्या राहिल्या आहेत. डमडमच्या खलाशाचे नाव सरकारी कागदावर कोणी लिहिले नाही. खडकीच्या आणि देहूरोडच्या कामगारांची नावे लिहिणे आपल्या हातात आहे, आणि ती आताच लिहिली पाहिजेत.